सित्साच्या अस्थी

सित्साचं पहिलं बाळ एकवीस दिवस जगलं. मुलगी होती. बाविसाव्या दिवशी सकाळी सित्सा तिला पाजायला उचलायला गेली आणि हात लागताच तिला कळलं. ती किंचाळली नाही, रडली नाही. पलीकडच्या चुलीपाशी तिची आई, यान्दिशा, उखळात मका कुटत होती. बाळ हातांवर घेऊन सित्सा तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"आई, हिला बघ ना."

यान्दिशानं मुसळ भिंतीला टेकवलं, बाळाला घेतलं, त्याच्या टाळूवर ओठ टेकवले आणि खाली बसली. लांबघरात सात चुली होत्या आणि एकेका चुलीवर दोन दोन कुटुंबं. एकेक करून सगळ्या चुलींवरचा आवाज थांबला.

ते घर यान्दिशाचं होतं. मोठ्या तळ्यांच्या काठी राहणाऱ्या वेन्दात लोकांत घर बाईचं, शेत बाईचं, लेकरंही बाईच्याच कुळाची. नवरा बायकोच्या घरी नांदायला यायचा आणि नाहीच पटलं तर धनुष्य उचलून आपल्या आईकडे परत जायचा. सित्साचा नवरा मात्र गुणी होता. तो तेव्हा गावातल्या इतर पुरुषांबरोबर कातडी घेऊन फ्रेंचांच्या ठाण्याकडे गेला होता. भूर्जाच्या सालीच्या होड्यांतून महिनाभराची वाट. लेकीचं तोंड पाहून निघाला होता तो, एवढंच काय ते समाधान.

मोठं माणूस गेलं की त्याला गावाबाहेर मचाणावर ठेवायचे. तान्ह्या बाळाला मात्र शेताच्या वाटेकडेला पुरायचे. बायका रोज त्या वाटेनं जातात-येतात. बाळाचा जीव त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी पोटी शिरतो आणि पुन्हा जन्माला येतो, हे गावात पोरासोरांनाही ठाऊक होतं. यान्दिशानं स्वतः खड्डा खणला. वाटेला वळण होतं तिथे, सुमाकच्या झुडपापाशी.

त्या उन्हाळ्यात सित्सा दिवसातून सात-आठ वेळा तरी त्या वाटेनं जायची. टोपली विसरले म्हणून परत यायची, मग कुदळ विसरले म्हणून. वळणापाशी आली की पाय आपोआप सावकाश पडायचे.

शेतातल्या बायका तिची थट्टा करायच्या, पण मायेनं. "अगं, नवरा परत येऊ दे आधी! नुसतं चालून होत असतं तर आम्हाला एवढे नवरे कशाला पोसावे लागले असते?"

सित्सा हसायची. बाळ गेल्यावर ती हसली ती पहिल्यांदा त्या वाटेवरच. ते पाहून यान्दिशाला वाटलं, पोर सावरतेय.

गावाच्या कडेला एका झोपडीत काळ्या झग्यातला एक फ्रेंच पाद्री राहत असे. त्याच्या खऱ्या नावात ओठ मिटून काढायचं एक अक्षर होतं आणि वेन्दातांच्या बोलीत ओठ कधी मिटतच नाहीत. म्हणून गावानं त्याला हारो असं नाव देऊन टाकलं होतं. तो बोली शिकत होता, पण बाईला पुरुष करायचा आणि पुरुषाला बाई. म्हाताऱ्या मुद्दाम त्याला प्रश्न विचारून बोलतं करायच्या आणि पोट धरधरून हसायच्या. त्याच्या दाढीची तर सगळ्यांनाच किळस. "अस्वलिणीनं टाकलेलं दिसतंय बिचारं," असं त्याच्या तोंडावर म्हणायच्या. तो मान हलवून म्हणायचा, "हो, हो." पण आजारी माणसापाशी तो तासन् तास बसायचा, ओझं उचलू लागायचा आणि कुणी काही बोललं तरी रागवायचा नाही. गाव त्याला पेज द्यायचं. दारी आलेल्याला पेज द्यायचीच असते.

मक्याला तुरे आले होते तेव्हाची गोष्ट. सित्सा वळणावर खाली बसून गवत उपटत होती आणि यान्दिशा मागून घोसाळ्याएवढे कोवळे भोपळे टोपलीत घेऊन येत होती. समोरून हारो आला. सित्साला तसं बसलेलं पाहून त्याला भरून आलं. तो तिच्याजवळ गुडघ्यांवर बसला.

"रडू नको," तो म्हणाला. "तुझा बाळ चांगला जागेत आहे. इथं नाही तो. वर आहे."

"वर कुठे?"

"आभाळात. मी त्याला पाणी दिला. तो मरायच्या आधी पाच दिवस."

यान्दिशाला आठवलं. हा घरी आला होता, सगळ्यांना त्याच्या देशाच्या सुकलेल्या द्राक्षांचे दाणे वाटले होते आणि बाळाच्या कपाळावर घाम आलाय म्हणून ओल्या फडक्यानं पुसल्यासारखं केलं होतं. तोंडानं काहीतरी पुटपुटला होता. कुणी लक्ष दिलं नव्हतं. तेच ते त्याच्या देवाचं पाणी.

सित्साला त्याचं काही वाईट वाटलं नाही. तिनं साधंच विचारलं, "मग ती खाली कधी येणार?"

"खाली? नाही, नाही. तिथून कोणी परत नाही येत. तिथे सुख आहे, कायम." हारोचा चेहरा आनंदानं उजळला होता. इतके दिवस पोटात धरलेली चांगली बातमी त्यानं शेवटी दिली होती.

सित्सा उठली, हाताची माती झटकली आणि घराकडे चालू लागली. यान्दिशानं टोपली खाली ठेवली.

"तुला कुणी सांगितलं होतं रे?" ती म्हणाली. "आमच्या चुलीपाशी बसलास, आमची पेज प्यालास. आणि आमचं लेकरू उचलून परमुलखात धाडलंस? एका शब्दानं विचारलं नाहीस?"

"बाई, मी चांगलं केला. मी नसता तर तो अंधारात..."

"ती!" यान्दिशा ओरडली. "ती, ती, ती! मुलगी होती ती!"

त्या दिवसापासून सित्सा शेतात जायला लांबच्या, ओढ्याकडच्या वाटेनं जाऊ लागली.

पानं लाल व्हायला लागली तशा होड्या परत आल्या. पितळी हंडे, सुऱ्या, काचेचे मणी आले आणि त्यांच्याबरोबर ताप आला. सित्साचा नवरा होडीतून उतरला तो दुसऱ्याच्या खांद्यावर. तिसऱ्या दिवशी त्याच्या अंगावर फोड उठले, दहाव्या दिवशी तो गेला. मग त्या घरात एकेक चूल विझत गेली. पाणी आणायला उभं राहू शकेल असं माणूस राहिलं नाही. मका शेतात उभाच राहिला आणि पाखरांनी खाल्ला. यान्दिशाची आई गेली, दोघी बहिणी गेल्या. धाकटा भाऊ तेहोरेन वाचला, पण एका डोळ्यानं अधू झाला. यान्दिशाला फोड आलेच नाहीत. का, ते तिला कधी कळलं नाही; आणि पुढे ती या गोष्टीची लाज वाटावी तशी वागायची.

सित्सा आजारी पडली तेव्हा मचाणं बांधायलाही माणसं नव्हती. फोड तिच्या पापण्यांवर होते, ओठांवर होते. यान्दिशा सूर्यफुलाच्या तेलात बोट बुडवून ते ओठ ओले करायची.

एका दुपारी सित्सा म्हणाली, "आई, हारोला बोलाव."

"कशाला?"

"पाणी घेते मी."

यान्दिशाचं बोट थांबलं. "सित्सा, तुझी आजी तिकडे वाट बघत असेल. मावश्या गेल्यात. तुझा नवरा गेलाय. सगळे आपल्या पितरांच्या गावी गेलेत. तिकडे शेतं आहेत, घरं आहेत. त्यांना सोडून तू त्या फ्रेंचांच्या आभाळात जाणार? तिथं तुला ओळखणारं कोण आहे?"

"ती आहे."

"एकवीस दिवसांची होती गं ती..."

"म्हणून तर," सित्सा म्हणाली. तिला धाप लागली होती. "आजीला सोबत आहे. तिला तिथं कोण आहे? उचलून कोण घेत असेल तिला?" थोड्या वेळानं म्हणाली, "तू पण ये ना आई. तू पाणी घे. मग तिघी असू."

यान्दिशानं तेलाची वाटी खाली ठेवली. एकीकडे आई, बहिणी, वाडवडील. दुसरीकडे लेक आणि नात. कुठल्या आईला अशी वाटणी करता येईल? तिनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ती उठली आणि हारोला बोलावून आणलं.

त्यानं सित्साच्या कपाळावर पाणी घातलं आणि तिला मार्त हे नाव दिलं. यान्दिशानं ते म्हणून पाहिलं; तिच्या तोंडून 'वार्त' आलं. हारोनं दोनदा सुधारलं. मग तिचे ओठ मिटत नाहीत हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं ते सोडून दिलं. त्याच संध्याकाळी सित्सा गेली. तिला मचाणावर नाही ठेवलं. हारोच्या झोपडीमागे लाकडी कुंपण घातलेल्या तुकड्यात पुरलं आणि वर क्रूस लावला. आईच्या जिभेला न वळणारं नाव घेऊन ती मातीत गेली.

पाच वर्षं गेली. घर आता तीनच चुलींचं उरलं होतं. सभोवतालच्या जमिनीचा कस संपला, सरपण लांब गेलं, तसं गाव हलवायचं ठरलं. आणि गाव हलवायचं म्हटलं की आधी हंडा.

दहा-बारा वर्षांनी येणाऱ्या त्या सणाला सगळे नुसतं 'हंडा' म्हणत. साऱ्या मचाणांवरची माणसं खाली उतरवायची, त्यांच्या अस्थी बायकांनी आपल्या हातांनी स्वच्छ करायच्या, बीव्हरच्या मऊ कातड्यात बांधायच्या, पाठीवर घ्यायच्या आणि सगळ्या गावांनी मिळून एका मोठ्या खड्ड्यात एकत्र ठेवायच्या. आजोबा, आत्या, सुना, शेजारी सगळे एकमेकांत मिसळून जातात. मग कुणीच एकटं राहत नाही.

यान्दिशानं आईच्या अस्थी उतरवल्या, बहिणींच्या उतरवल्या. जावयाच्या त्याच्या आईकडच्यांनी नेल्या. हे काम करताना तिला कधी शिसारी आली नाही. आईच्या कवटीवरून हात फिरवताना ती तिच्याशी बोलत होती, घरातल्या बातम्या सांगत होती. ते झाल्यावर तिनं चौथं कातडं अंथरलं, त्याच्याकडे बघत बसली आणि मग कुदळ घेऊन कुंपणाकडे गेली.

तेहोरेन पाठोपाठ आला. "अक्का, उगाच वाद होईल. तो देणार नाही."

"मागायला कोण चाललंय?"

भर दुपारी ती खणू लागली. दहा-बारा घाव घातले असतील-नसतील, हारो धावत आला. या पाच वर्षांत तो निम्मा झाला होता आणि त्याची बोली बरीच सुधारली होती.

"यान्दिशाबाई, हे करू नका. ही पवित्र जागा आहे. मार्तला तुम्ही त्यांच्यात मिसळू शकत नाही. ती आता त्यांच्यातली नाही."

यान्दिशा खणतच राहिली. त्यानं कुदळीचा दांडा धरला. दोघंही दांडा धरून उभे राहिले. तेहोरेन एक पाऊल पुढे आला, पण यान्दिशानं त्याला नजरेनंच थांबवलं.

"हारो," ती म्हणाली, "तू माझ्या घरातून नेलंस ते न विचारता नेलंस. मी तुझ्या डोळ्यांदेखत नेतेय. सोड."

हारोनं दांडा सोडला आणि पाठ फिरवून झोपडीत गेला. पुन्हा बाहेर आला नाही.

चार गाठोडी झाली. तेहोरेननं तीन घेतली, यान्दिशानं एक. दोन दिवस चालून ते खड्ड्यापाशी पोचले. आठ गावांची माणसं जमली होती. खड्ड्याला बीव्हरची कातडी अंथरली होती, भोवती उंच माचा बांधून त्यावर शेकडो गाठोडी टांगली होती. मोठा आकांत चालला होता. सगळी व्यवस्था ओन्दारेया नावाच्या म्हाताऱ्याकडे होती. लोकांनी त्याच्या कानावर घातलं होतंच, की ही बाई पाणी घेतलेल्या पोरीच्या अस्थी घेऊन आलीय.

म्हाताऱ्यानं गाठोड्यावर हात ठेवला. "किती वर्षांची होती?"

"सतरा."

"टाक," तो म्हणाला. "जिवाचं काय झालं ते मला नाही कळत. हाडं तर आपलीच आहेत ना? टाक, तुझ्या आईशेजारी टाक."

यान्दिशाला वाटलं होतं, तो अडवेल. भांडायची तयारी करून आली होती ती. आता अडवणारं कुणीच नव्हतं.

गाठोडी उघडायची वेळ आली. आईच्या अस्थी तेहोरेननं ओतल्या, बहिणींच्या ओतल्या. खाली उभी माणसं लांब काठ्यांनी सगळं एकत्र करत होती. यान्दिशा काठावर बसली होती, गाठोडं मांडीवर. तिनं गाठ सोडली. सित्साची हाडं बारीक होती, हाताच्या बोटांची तर चिमणीच्या पायांसारखी. 'उचलून कोण घेत असेल तिला' हे शब्द तिच्या कानांत घुमले. सगळ्यांत मिसळून टाकली तर पोरीला लेकराकडे जाता येईल का? आणि नाही टाकली तर? खड्ड्याकडे पाहिलं की आई दिसत होती, मांडीकडे पाहिलं की लेक.

"अक्का, चल, माती लोटायला लागलेत," तेहोरेन म्हणाला.

तिनं पुन्हा गाठ मारली.

परतीचे दोन दिवस गाठोडं तिच्याच पाठीवर होतं. गाव आलं तशी ती घराकडे न जाता शेताच्या वाटेनं गेली आणि सुमाकच्या झुडपापाशी बसून खणू लागली.

तेहोरेनला राहवलं नाही. "अगं, इथं तान्ही पुरतात, अक्का. हिची जागा का ही?"

"माझी तान्हीच आहे ती."

मग तोही खाली बसला आणि हातांनी माती काढू लागला.

यावरून दोन्हीकडून बोल लागले. पाणी घेतलेली माणसं म्हणाली, बाईनं क्रूसाचा अपमान केला. जुनी माणसं म्हणाली, हिनं हंड्यातलं माणूस परत आणलं, आता गावाला भोगावं लागणार. आणि नवं गाव वसल्यावर चार वर्षांनी खरंच भोगावं लागलं. पण त्यात यान्दिशाचा काय दोष होता? दक्षिणेकडच्या शत्रूंना किनाऱ्यावरच्या दुसऱ्या गोऱ्यांनी बंदुका दिल्या होत्या. अर्धी माणसं रोगानं नेलेली, उरलेल्यांत लढायला किती? बर्फ वितळायच्या आत दोन मोठी गावं जळाली. बाकीच्या गावांनी आपली घरं आपल्याच हातांनी पेटवली आणि मोठ्या तळ्यातल्या बेटावर पळ काढला. यान्दिशानं आपल्या तीन चुलींच्या घराला स्वतः चूड लावली. जुन्या गावाच्या वाटेवर एकदा जाऊन यायला तिला उसंतही मिळाली नाही.

बेटावर हजारो माणसं आणि पेरलेलं काहीच नाही. त्या हिवाळ्यात लोकांनी ओकची कडू फळं उकडून खाल्ली, झाडांच्या साली खाल्ल्या आणि पुढे जे खाल्लं त्याविषयी वाचलेली माणसं बोलत नसत. हारोही तिथेच होता. त्याच्या दाढीत हाडांचा सापळाच दिसायचा. एक दिवस तो यान्दिशाजवळ येऊन बसला आणि आपल्या वाट्याची मूठभर फळं तिच्यापुढे ठेवली.

"मला एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "त्या दिवशी वाटेवर... मी तिला ते सांगायला नको होतं."

"पाणी घातलंस त्याचं नाही वाटत काही?"

"नाही," तो म्हणाला. "खोटं कसं बोलू? ते नाही वाटत."

यान्दिशानं त्याच्याकडे पाहिलं. मग फळांचे दोन भाग केले, एक त्याच्याकडे सरकवला. "खा," ती म्हणाली. "मरशील."

उन्हाळा लागताच उरलेल्यांतले तीनशेजण हारोबरोबर फ्रेंचांच्या ठाण्याकडे निघाले. काही पश्चिमेला जंगलांत गेले. तेहोरेन म्हणाला, "अक्का, आपण शत्रूकडेच जाऊ. त्यांची बोली आपल्यासारखी आहे, मका पेरतात. आपली किती माणसं धरून नेली त्यांनी, ती तिथं जिवंत आहेत म्हणतात."

"त्यांनीच जाळलं ना रे आपल्याला?"

"हो. पण ते नाव विचारतील, काम विचारतील. मेल्यावर कुठे जाणार हे तरी विचारणार नाहीत."

यान्दिशाला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी.

त्या लोकांचीही माणसं रोगानं आणि लढाईनं गेली होती आणि रिकामी जागा भरायची त्यांची रीत होती. गेलेल्या माणसाचं नाव नव्याला द्यायचं आणि त्याला त्याच्या चुलीपाशी बसवायचं. यान्दिशाला ज्या घरात नेलं तिथली बाई आदल्या वर्षी फोडांनीच वारली होती. तिचं नाव यान्दिशाला मिळालं, तिचं झोपायचं कातडं मिळालं, तिची कुदळ मिळाली. कुदळीचा दांडा दुसऱ्याच्या हातांनी गुळगुळीत झालेला होता.

त्या बाईची गानोवा नावाची एक मुलगी होती, पंधरा-सोळा वर्षांची. पहिले चार दिवस ती या परक्या बाईकडे बघायलाही तयार नव्हती. पाचव्या दिवशी सकाळी बायका पेरणीला निघाल्या. यान्दिशा दाराशी उभी होती, कुणाच्या मागून जायचं ते न कळून. गानोवा बियांची टोपली घेऊन बाहेर आली, तिच्यापुढून गेली, थांबली आणि मागे न बघताच घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आई, येतेयस ना?"

ज्या लोकांनी यान्दिशाचा मुलूख बेचिराख केला त्यांची ही पोर. त्या हाकेला ओ देणं म्हणजे कुणाकुणाला सोडून देणं, ते तिला कळत होतं. पण जमीन ओली होती, दिवस वर येत होता आणि पेरणी कुणासाठी थांबत नाही.

"आले," ती म्हणाली आणि कुदळ खांद्यावर टाकली.